तीन शिड्यांची एक

दिंद्रुडच्या शिवलिंगप्पांनी जन्मात कुणाचं वाईट केलं नाही, आणि कुणावर विश्वासही ठेवला नाही. दुधानं तोंड पोळलेला माणूस ताकही फुंकून पितो म्हणतात. शिवलिंगप्पांचं तोंड कधी पोळल्याचं गावात कुणाला आठवत नाही, तरी ते पाणीसुद्धा फुंकून प्यायचे.

पेठेत त्यांचं किराणा दुकान. कपाळावर भस्माचे पट्टे, गळ्यात लिंग, कमरेला किल्ल्यांचा जुडगा आणि नजर कायम गिऱ्हाइकाच्या हाताकडे. गुळाची ढेप घेतली की मधोमध फोडून बघायची, कारण वरून पिवळाधमक दिसणारा गूळ आतून काय निघेल याचा नेम नाही. बसमध्ये चढायचं तर आधी पाटी वाचायची, मग कंडक्टरला विचारायचं, मग ड्रायव्हरला, आणि सीटवर टेकल्यावर शेजारच्याला सहज विचारल्यासारखं विचारायचं, “तुमी कुठं चाललाव?” एकदा ताप आला तेव्हा माजलगावच्या डॉक्टरनं गोळ्या लिहून दिल्या. आप्पांनी ती चिठ्ठी दुसऱ्या डॉक्टरला दाखवली आणि दुसऱ्याचं म्हणणं तिसऱ्याकडून तपासून घेतलं. तोवर ताप उतरला. मग आप्पांना तापाचाच संशय आला.

अशा माणसाचा संसार गंगासागरबाईंनी हसत केला. आप्पांनी फारच उलटतपासणी चालवली की त्या म्हणायच्या, “उन्हात जाऊन बघा बरं एकदा, सावली तरी तुमचीच हाय का.” खोटं कशाला सांगा, आप्पा एकदा खरंच बघून आले होते.

गंगासागरबाईंना जाऊन आता काही वर्षं झाली होती. जाताना त्यांनी घर, दुकान, पुण्यात नोकरीला लागलेला मुलगा राजेश्वर, सगळं जिथल्या तिथं लावून ठेवलं होतं. एक गोष्ट मात्र त्या न सांगताच गेल्या, आणि तिच्यापायी आप्पांचा जीव टांगणीला लागला होता.

ती गोष्ट राजेश्वरच्या लग्नातली. लग्न दिंद्रुडलाच झालं, घरासमोर मांडव घालून. तो सीड्यांचा जमाना. सीडीला आपल्याकडे कुणी सीडी म्हणत नाही, शिडी म्हणतात. मांडवात व्हिडिओवाला नसला तर लग्न लागलं की नाही अशी लोकांना शंका यायची. आप्पांना शंका होती ती आचाऱ्याची. तुपाचे डबे, साखरेची पोती, सगळं सामान मागच्या कोठीत ठेवलेलं, आणि किल्ल्या कमरेला लावून आप्पा सकाळपासून कोठीच्या दारात. अक्षता टाकायला तेवढे उठले, पुन्हा जाऊन बसले. संध्याकाळी नवी सून स्वप्नाली माप ओलांडायला उंबऱ्यात उभी राहिली तेव्हा मागे शेवटच्या पंगती चालल्या होत्या, म्हणून घरचा कर्ता पुरुष दारात आलाच नाही. राजेश्वरनं नाव घेतलं, स्वप्नालीनं घेतलं, आणि मग बायकांनी सासूलाच अडवलं. आता तुम्ही घ्या आप्पांचं नाव! गंगासागरबाईंनी घेतलं आणि सगळा मांडव पोट धरून हसला.

तो हशा आप्पांना कोठीपर्यंत ऐकू आला. उखाणा नाही ऐकू आला.

आता बायको नवऱ्याचं नाव एरवी तोंडातून काढत नाही. गंगासागरबाईंनी उभ्या जन्मात आप्पांना ‘आवो’ आणि ‘ऐकलं का’ यापलीकडे हाक मारली नव्हती. स्वतःच्या लग्नात घेतलं असेल ते पदराआड पुटपुटत. आणि आज तिनं भर मांडवात, मोठ्या आवाजात आपलं नाव घेतलं, लोक हसले, गावातल्या शेंबड्या पोरापर्यंत सगळ्यांना ते ठाऊक झालं, फक्त आपल्याला नाही! आप्पांच्या डोक्यात किडा शिरला तो त्या दिवशी.

दुसऱ्या दिवशी त्यांनी बायकोला धरलं. “काय नाव घेतलंस गं?”

“घेतलं की. एकदा घेतलं तेवढं बास झालं.”

“लोकं कावून हसली?”

“तोंडं हायत त्यायची. हसली.”

एवढंच बोलून त्या आत गेल्या. एरवीची थट्टा त्या बोलण्यात नव्हती. हे आप्पांच्याही ध्यानात आलं, पण त्यांनी त्याचाही संशयच घेतला. नक्कीच काहीतरी लागट बोलली असणार, म्हणून लपवते. मग त्यांनी आडून आडून गावातल्या बायकांना विचारलं. तीन बायकांनी तीन उखाणे सांगितले आणि तिन्हींत हसण्यासारखं काहीच नव्हतं. शेजारच्या बायनाबाईंना विचारलं तर त्या तोंडाला पदर लावून घरातच निघून गेल्या. कावीळ झालेल्याला जग पिवळं दिसतं. आप्पांना तर आता अख्खं दिंद्रुड पिवळं दिसायला लागलं.

लग्नाच्या शिड्या आल्या तेव्हा तरी उलगडा होईल असं वाटलं होतं. एका शिडीत सव्वा तासाच्या वर काही मावत नसे, म्हणून तीन शिड्या. पण त्या काळी व्हिडिओवाले ‘मिक्सिंग’ करायचे, म्हणजे सगळ्या लग्नावर सनई नाहीतर सिनेमातली गाणी चढवायचे. तिसऱ्या शिडीत शेवटी शेवटी उंबऱ्यातला प्रसंग येई. गंगासागरबाईंचं तोंड हलतं, लोक हसतात, आणि ऐकू येते नुसती सनई. आणि पुढे आणखी एक गोष्ट दिसे. हसणं ओसरल्यावर गंगासागरबाई बायनाबाईंना दंडाला धरून जवळ ओढतात आणि त्यांच्या कानाशी काहीतरी सांगतात. चांगलं लांबलचक सांगतात. झालं, एका किड्याचे दोन किडे झाले. उखाण्यात काय म्हणाली, आणि कानात काय म्हणाली?

आप्पांनी व्हिडिओवाल्याला जाब विचारला. “हितंच सनई कावून घातलीस?”

“आप्पा, सनई सगळीकडंच हाय.”

“हाय, पण हितं जोरात हाय.”

पुढे तलवाड्याच्या व्याह्यांनी, सोमेश्वररावांनी, पोरीचं लग्न बघायला म्हणून शिड्या मागितल्या. व्याही मागतोय, नाही म्हणता येईना. आप्पांनी दिल्या, पण बंदोबस्त करून. त्यानंतर शिड्या परत आल्या आणि तिसरी शिडी अडकायला लागली. नेमकी उंबऱ्यापाशी. गंगासागरबाईंनी तोंड उघडलं की त्यांच्या चेहऱ्याचे चौकोनी तुकडे व्हायचे आणि मशीन किर्रकिर्र करत थांबायची. आप्पांनी सोमेश्वररावांशी बोलणं सोडलं. पोरीच्या बापाशी! बिचाऱ्या सोमेश्वररावांना आपला गुन्हा काय हे अजून कळलेलं नाही.

गंगासागरबाई असेपर्यंत हा सगळा संशय घरातल्या घरात फिरत होता. त्या गेल्या आणि त्याला जायला जागा उरली नाही. रोज दुपारी आप्पा दुकान बंद करून घरी येत, दाराला कडी घालत आणि तिसरी शिडी लावत. एक माणूस आपल्याबरोबर जन्म काढतं आणि मनातून आपल्याला हसत असतं की काय, एवढंच त्यांना जाणून घ्यायचं होतं. हे कुणाला विचारणार? तुकडे झालेल्या चेहऱ्याकडे बघत बसायचे. पुण्याहून सुनेचा फोन आला तर सांगायचे, “काही न्हाई, मशीन बंद पडू नये म्हणून चालवून बघायलाव.”

स्वप्नाली समजून होती. ती एकदा म्हणाली, “मामा, त्या शिड्या दिवसेंदिवस खराब व्हायल्यात. वडवणीला बजरंगभाऊ हायत, त्यांच्याकडून डीव्हीडी करून घ्या. न्हाईतर एक दिवस आत्याबाई दिसायच्याच बंद व्हतील.”

या शेवटच्या वाक्यानं आप्पा हादरले. बाजाराचा दिवस बघून त्यांनी शिड्या पिशवीत घातल्या, पिशवी सदऱ्याच्या आत पोटाशी धरली आणि पाटी, कंडक्टर, ड्रायव्हर या क्रमानं खात्री करून वडवणीची बस धरली.

बजरंगचं दुकान स्टँडसमोरच होतं. पाटीवर मुलीचं नाव, ‘अपेक्षा फोटो स्टुडिओ’. कधीकाळी लगीनसराईत तीन-तीन कॅमेरे बाहेर असायचे, आता पासपोर्ट फोटो, झेरॉक्स आणि लॅमिनेशनवर चाललं होतं. स्वभावानं गरीब माणूस. शिड्या बघून त्याला आनंदच झाला.

“पेनड्राईव्हमधी टाकून देतो आप्पा. बोटाएवढा असतो, सांभाळायला सोपा.”

“त्यातलं पुसता येतं का?”

“येतं की.”

“मग नको. पुसता येतंय त्याचा काय भरोसा? शिडीच पायजे. एकदा ल्ह्यलं की ल्ह्यलं.”

“बरं, डीव्हीडी करू. ठेवून जा, उद्या सांजच्याला घेऊन जा.”

आप्पा हसले. कीव आल्यासारखे हसले. “ठेवून जायला मी काय येडा दिसायलाव का बे?”

त्यांनी स्टूल ओढलं आणि अशा जागी मांडलं की बजरंगचे दोन्ही हात आणि पडदा एकाच वेळी दिसतील. बजरंगनं कपाट धुंडाळून एक कोरी डीव्हीडी काढली. आप्पांनी ती उलटीपालटी केली. तिची खालची बाजू जांभळट होती, आपल्या शिड्यांची चंदेरी. त्यांनी ते मनात टिपून ठेवलं.

“येकच कावून काढलीस? शिड्या तीन हायत.”

“तिन्ही मिळून एकात बसतंय आप्पा.”

“तीन पोती येका पोत्यात?”

“पोतं मोठं हाय.”

“आन् जे बसायचं न्हाई ते?”

“समदं बसतं. शंभर टक्के.”

शंभर टक्के म्हणणाऱ्या माणसावर आप्पांचा विश्वास एरवीपेक्षा कमी असे. त्यांनी मांडीवरची रिकामी पिशवी घट्ट धरली.

पहिली शिडी कम्प्युटरमध्ये गेली, निघाली. दुसरी गेली, निघाली. प्रत्येक शिडी बाहेर आली की आप्पा ती हातात घेऊन उजेडाकडे तिरकी धरत, मान हलवत आणि पिशवीत टाकत. मधेच एक बाई पासपोर्ट फोटोला आली, तर बजरंगला आत जाऊ देईनात. “आधी माझी शिडी बाहेर काढ, मग जा.” बाई तोंड वाकडं करून बाहेर बाकावर बसली.

तिसरी शिडी आत गेली आणि शेवटाला येऊन किर्रकिर्रली. बजरंगनं पुन्हा घातली. पुन्हा तेच. त्यानं ती बाहेर काढली, ट्यूबखाली धरली, डोळे बारीक केले.

“आप्पा, ह्यावर काहीतरी कोरलंय. ‘शि’ ल्ह्यल्यावानी दिसायलंय.”

“शिच हाय ते.” आप्पांची मान ताठ झाली. “शि, शिवलिंगप्पाचा. तिन्हींवर हाय. प्रत्येक येळी तेच तपासत व्हतो, बघितलं न्हाईस का? तलवाड्याला धाडताना मी घातला. पोती शिवायच्या दाभणानं. कुणी बदलून दुसरी दिली तर कळाय नको का?”

बजरंग त्यांच्याकडे बघत राहिला. “पर चकचकीत बाजूवर कावून कोरलं?”

“वरच्या कागदावर ल्ह्यलं आन् त्यानं कागदच बदलला तर?”

बजरंगनं शिडी टेबलावर ठेवली. कसं सांगावं याचा त्यानं थोडा विचार केला, पण सांगण्यासारखी दुसरी तऱ्हा नव्हती. “आप्पा, मशीन शिडी वाचती ती ह्या चकचकीत बाजूनं. आतून बाहेर वाचत येती. म्हणजे लग्नाची सुरुवात मधी असती, आन् शेवट बाहेरच्या कडंला. पहिल्या दोन्ही काठापर्यंत भरल्या न्हाईत, कडंला काहीच न्हाई, म्हणून त्या वाचल्या. ही काठोकाठ भरलीय. तुमचा शि बरुबर शेवटावर आलाय.”

“म्हंजे?”

“म्हंजे उंबऱ्यातलं जे अडकायलंय ना, ते ह्या शिमुळं अडकायलंय.”

आप्पांनी शिडी उचलून पुन्हा उजेडाकडे तिरकी धरली. मग म्हणाले, “सोमेश्वरानं काय केलं नसंल कशावरून?” पण त्यात जोर नव्हता. दाभण त्यांचं, हात त्यांचा, अक्षरही त्यांचं. गंगासागरच्या तोंडावर आपणच ओरखडा काढला आणि वर्षानुवर्षं व्याह्याच्या नावानं बोटं मोडली, हे त्यांना कळलं. कळून ते वरमले, आणि वरमलेलं दिसू नये म्हणून बजरंगवरच गुरकावले, “आता नुसता बघत काय बसलास? निघतंय का न्हाई?”

निघण्यासारखं होतं. ओरखडा वरवरचा होता. बजरंगनं घरून टूथपेस्ट मागवली, मऊ फडक्यावर घेतली आणि शिडीवर मधून कडेकडे हलक्या हातानं घासायला लागला. आप्पा वाकून बघत होते. शि हळूहळू पुसट झाला. पुसायची गोष्ट नको म्हणून आलेला माणूस “आजून जरा घास, आजून जरा” असं म्हणायला लागला.

पुन्हा घातल्यावर शिडी कुरकुरली, थांबली, पुन्हा चालली आणि शेवटापर्यंत गेली. बाहेर बाकावरच्या बाईचा फोटो काढून होईपर्यंत तिन्ही शिड्यांची एक डीव्हीडी तयार झाली.

“बघून घ्या,” बजरंग म्हणाला. त्यानं डीव्हीडी लावली आणि पडद्याच्या दोन्ही बाजूंचे स्पीकर चालू केले. “कुठलं बघायचं?”

“उंबरा.”

बजरंगनं पुढं पुढं सरकवत उंबरा आणला. डावीकडच्या स्पीकरमधून ती सनई सुरू झाली. आप्पांना तिचा सूर न् सूर पाठ होता. आणि त्यांच्या कानाशी, उजवीकडच्या स्पीकरमधून, माणसांचा गलका आला. पोर रडतंय. कुणीतरी “सरका, सरका” म्हणतंय. आणि मग अगदी जवळून एक आवाज आला, “आगं हळू, पदर अडकंल मापात.”

आप्पा ताडकन उठले. स्टूल पडलं. “बंद कर! बंद कर आधी!”

बजरंगनं घाबरून बंद केलं.

“हा आवाज माझ्या शिडीत न्हवता. रोज बघतो मी. नुसती सनई हाय तिथं. कुठून घातलास सांग?”

“मी कशाला घालू आप्पा?”

“मला शिकवू नको. आजकाल फोनवर लेकाच्या आवाजात बोलून बापाला फसवतेत. मोबाईलमधी आवाज बनवतेत म्हणं. मेलेल्या माणसाचा पण बनवतेत. कुणी सांगितलं तुला हे करायला? सोमेश्वरानं?”

“आवो, कोण सोमेश्वर? आन् काकूंचा आवाज मी बनवू कसा? मी काकूंला कधी बघितलं पण न्हाई.”

हा मुद्दा बिनतोड होता, पण आप्पांना बिनतोड मुद्द्यांचीच जास्त धास्ती वाटे. तेव्हा बजरंगनं डीव्हीडी काढून जुनी तिसरी शिडी तिथंच लावली. त्यातही डावीकडे सनई, उजवीकडे माणसं. आप्पांनी दोन्ही स्पीकरना आळीपाळीनं कान लावला. मग बजरंगनं विचारलं, “घरी टीव्ही कोणता हाय आप्पा?”

“जुना. पोटाचा.”

“मशीनच्या वायरीला तीन पिना हायत का? पिवळी, पांढरी, लाल?”

“हायत. पिवळी आन् पांढरी लावलीय. लाल लोंबकळती. तिला टीव्हीला भोकच न्हाई.”

“तिथंच घोटाळा झाला. पिवळीतून चित्र येतं. आवाज दोन वाटांनी येतो, पांढरीतून डावा, लालमधून उजवा. तुमच्या व्हिडिओवाल्यानं मिक्सिंग करताना सनई डाव्या बाजूला टाकली आन् मांडवातला आवाज उजव्या बाजूला तसाच ठेवला. तुमी पांढरीच लावली, म्हणून सनईच ऐकली. बाकी समदं लालमधी होतं.”

आप्पा खाली बसले. लाल पिन त्यांच्या डोळ्यांसमोर आली. टीव्हीमागे, धुळीत, भिंतीला टेकून लोंबकळणारी. तिच्यात गंगासागर इतकी वर्षं बोलत होती, आणि जिवंत होती तेव्हाही, पलीकडे चुलीपाशी भाकरी थापत असताना, ती या पिनेत बोलत होती. खरं की खोटं हे त्यांचं अजून ठरलं नव्हतं. पण ते उठून गेले नाहीत.

“लाव,” ते म्हणाले. “डीव्हीडी लाव. आन् ती सनई बंद कर.”

बजरंगनं डावा स्पीकर काढून ठेवला.

आता नुसती माणसं उरली. राजेश्वरनं नाव घेतलं. स्वप्नालीनं घेतलं, अडखळत. मग बायकांचा कल्ला, “आता सासूबाई! आप्पांचं नाव घेतल्याबिगर आत जायचं न्हाई!” पडद्यावर गंगासागरबाई आधी नको नको म्हणाल्या, मग त्यांनी डोक्यावरचा पदर नीट केला. चेहऱ्याचे तुकडे झाले नाहीत. आप्पा उजव्या स्पीकरकडे झुकले.

“मांडवात आलं गाव, दारात आली सून,
शिवलिंगप्पा बसले कोठीत, तुपाचा डबा धरून!”

मांडव फुटल्यासारखा हसला. त्या स्वतःही हसल्या, हसताना त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं आणि ते त्यांनी पदरानं पुसलं. बजरंगला हसू आवरेना. त्यानं तोंड फिरवलं. आणि मग त्याच्या लक्षात आलं की आप्पाही हसतायत. आवाज न करता, पोट हलवत. “बरुबर हाय,” ते म्हणाले. “डबाच धरून बसलतो मी. खोटं न्हाई त्यात काही.” एवढंच? एवढ्यासाठी आपण जळत होतो? तिनं आपलं नाव घेतलं होतं, मोठ्यानं, ठसठशीत, एकही अक्षर न गिळता. शिवलिंगप्पा. आप्पांना इतकं बरं वाटलं की त्यांनी बजरंगच्या पाठीवर थाप मारली.

“थांब, बंद करू नको,” ते म्हणाले. “आता ती कानात काय सांगती ते ऐकू दे.”

पडद्यावर हसणं ओसरलं. गंगासागरबाईंनी बायनाबाईंचा दंड धरला आणि त्यांना जवळ ओढलं. कॅमेरावाला अगदी शेजारी उभा असणार, कारण हळू बोललेलंही स्पष्ट ऐकू आलं.

“आगं हसत काय बसलीस. सकाळधरनं पोटात काही न्हाई त्यायच्या. चहासुदिक न्हाई. येक ताट वाढ आन् कोठीकडं नेऊन दे. बुंदी जास्त घाल, आवडती त्यायला. आन् मी धाडलं म्हणू नको. नव्या सुनंला दारात उभी करून ताटं वाढायली म्हणतील. नुसतं पुढं ठेव. जा, पळ.”

मग त्या वळल्या, “ये गं माय आत,” म्हणाल्या, आणि स्वप्नालीनं माप ओलांडलं.

बजरंगनं थांबवलं. त्याचा चेहरा उजळला होता. “बघा आप्पा. तुमाला वाटत होतं काय आन् निघालं काय. किती जीव व्हता काकूंचा.”

आप्पांच्या चेहऱ्यावरचं हसू गेलं होतं. त्यांचा हात अजून बजरंगच्या पाठीवर होता, तो त्यांनी काढून घेतला.

“ताट आलतं,” ते म्हणाले.

“आं?”

“ताट आलतं. बायनानं आणलतं. भरलेलं, बुंदीचं. मी इचारलं, कुणी धाडलं? ती सांगंना. खाऊन घ्या म्हणली गपगुमान. मला वाटलं, आचाऱ्यानं धाडलं. मला मिंधा करायला, न्हाईतर दारातून उठवायला. दुसरं कोण धाडतंय मला ताट?”

या ताटाबद्दल आप्पा आजवर कुणाशी बोलले नव्हते. ते तीनच माणसांना ठाऊक होतं. आवाज बनवणाऱ्याला ते कुठून कळणार? आप्पांनी मनातल्या मनात एकदा सगळ्या वाटा चाचपून पाहिल्या. हा आवाज खोटा निघाला तर फार बरं होईल असं त्यांना जन्मात पहिल्यांदाच वाटत होतं. पण आवाज खरा होता.

“मग खाल्लं न्हाई तुमी?” बजरंगनं विचारलं.

“शिवलो पण न्हाई. परत धाडलं. आन् निरोप धाडला बायनाबरुबर. म्हणलं, ज्यानं धाडलं त्यालाच खाऊ घाल म्हणावं.”

डीव्हीडी फिरायची थांबली. आप्पांनी धोतराच्या सोग्यानं डोळे पुसले, पण पाणी थांबत नव्हतं, आणि बाहेर बाकावर फोटोची वाट बघत बसलेली बाई आत बघतेय याचीही त्यांना लाज वाटली नाही.

“आन् तिनं खाल्लं आसंल बे,” ते म्हणाले. “अन्न टाकणारी न्हवती ती.”